दोन धारांच्या मधले सहा तास : दूध संकलन डेटाबेसच्या स्थलांतराच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आमच्या दूध संघाचा संकलन डेटाबेस अखेर माझ्या गळ्यात पडला. आधीचे सिस्टमवाले गेल्या महिन्यात सोडून गेले. जाताना एक वही, दोन पासवर्ड आणि 'सगळं चालू आहे, हात लावू नका' एवढा निरोप ठेवून गेले. आज दिवसभर हात न लावता नुसतं बघत बसलो.

मशीनवर सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम आहे. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्यावर पोस्टग्रेस १२, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम; त्याचंही शेवटचं अपडेट नोव्हेंबर २०२४ मध्ये येऊन गेलं. घर पडकं आणि भाडेकरूही थकलेला. डेटा १४० जीबी. चाळीस हजारांच्या आसपास उत्पादक, रोज दोन वेळा माप, २०१६ पासूनच्या नोंदी. एकट्या संकलन टेबलात २४ कोटी ओळी.

देखभालीची कामं रात्री बारानंतर करावीत असं सगळीकडे सांगतात. इथे ते चालत नाही. पहाटे पाचला गावोगावी मापं सुरू होतात, त्याआधी टँकरच्या फेऱ्यांचे तक्ते निघालेले असावे लागतात. रिकामा वेळ असतो तो दुपारचा: सकाळचं संकलन जमा झाल्यावर दहापासून, संध्याकाळची धार सुरू व्हायच्या आत चारपर्यंत. सहा तास. त्यातही १, ११ आणि २१ तारखेला दहा दिवसांचं बिल निघतं, ते दिवस वर्ज्य.

नवीन मशीन आलेलं आहे, खोक्यात. डेबियन १२ (हीही लिनक्सच) आणि पोस्टग्रेस १६ टाकायचं ठरवलं. मुहूर्त एप्रिलच्या मध्यावर; तोवर कृशकाळ लागतो, दूध कमी, मापं कमी.

४ मार्च, मंगळवार

पहिलं काम बॅकअपचं. आहे का हे विचारलं नाही, परत उभा राहतो का ते बघितलं.

रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. ती पीजी-डंपचं (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट पाइपने जीझिपला (फाईल दाबून लहान करणारी) देते, फाईल तयार होते आणि 'बॅकअप यशस्वी' असा मेल येतो. मेल वर्षभर न चुकता आलेले आहेत. फाइली त्याच मशीनच्या दुसऱ्या पार्टिशनवर, हा एक वेगळाच विनोद. जुन्या डेस्कटॉपवर कालची फाईल उघडली. टेबलं आली, पण प्रत्येक 'ग्रँट'वर, म्हणजे परवानगी देणाऱ्या ओळीवर, 'असा रोल अस्तित्वात नाही' म्हणून चुकांचा पाऊस. पीजी-डंप एका डेटाबेसचा डंप घेतो. रोल, म्हणजे वापरकर्ते, आणि पासवर्ड सगळ्या सर्व्हरचे मिळून असतात, ते त्यात येत नाहीत. त्यासाठी पीजी-डंपऑल 'ग्लोबल्स-ओन्ली' लावून वेगळा चालवावा लागतो. तो कुणी कधी चालवलेला नव्हता.

मग जानेवारीच्या फाइली बघितल्या. १९ तारखेची फाईल बाकीच्यांच्या निम्मी. त्या रात्री डेटाबेसचं पार्टिशन भरलं होतं, डंप मध्येच तुटला. तरी मेल यशस्वी. कारण साधं आहे: शेलमध्ये पाइप लावला की शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो, आणि जीझिपने त्याच्यापर्यंत जेवढं आलं तेवढं इमानदारीत दाबून ठेवलं होतं. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत पाइपफेल (आधीची कमांड पडली तरी चूक धरणारा) हा पर्याय चालू केला. एका ओळीचं काम.

गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवलं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाने दुसऱ्या मशीनवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली, ३०० जीबीच्या आसपास. मग बॅकअपकडे धाव घेतली, तर पोस्टग्रेस सर्व्हर ९.६ चा आणि पीजी-डंप ९.२ चा, त्यामुळे डंप निघतच नव्हते. आणि तशी सूचना देणारे मेल स्वीकारले जात नव्हते. योगायोगाने घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट होता म्हणून वाचले. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून ठेवलं हे त्यांचं मोठेपण. मी दोन गोष्टी उचलल्या: डंप नेहमी नव्या आवृत्तीच्या पीजी-डंपनेच घ्यायचा, आणि चालू सर्व्हरच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट आजपासून लालभडक.

७ मार्च, शुक्रवार

डिस्क ८८ टक्के. पीजी-वॉल डिरेक्टरी (डेटातला प्रत्येक बदल आधी इथल्या फाइलींत लिहिला जातो) उघडली तर १६ एमबीच्या फाइलींचा ढीग, मिळून ६१ जीबी. नेटवर्क बघणारा पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "लॉगच आहेत ना सर? जुने उडवू या." माझ्या काळजाचा ठोका चुकला. या डिरेक्टरीचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. नावात 'लॉग' बघून लोक ती बिनदिक्कत साफ करायचे आणि डेटाबेस कायमचा बसायचा. म्हणून २०१७ मध्ये आवृत्ती १० पासून नाव बदललं. तिथली एकही फाईल हाताने पुसायची नाही. ती का साठली ते शोधायचं.

रेप्लिकेशन स्लॉटच्या (प्रत ठेवणाऱ्या मशीनने बदल कुठवर उचलले त्याची खूण) यादीत एक नोंद, 'अ‍ॅक्टिव्ह'च्या रकान्यात 'नाही'. रिपोर्टसाठी वेगळी प्रत ठेवलेलं मशीन होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा पॉवर सप्लाय जळाला म्हणून ते काढून नेलं. स्लॉट मात्र राहिला. मुख्य सर्व्हर बिचारा त्याच्यासाठी एकेक फाईल राखून बसला होता, पाहुणा येणार म्हणून पान वाढून ठेवावं तसा.

आणखी एक गोम निघाली. त्या प्रतीवर 'हॉट स्टँडबाय फीडबॅक' (प्रत वाचतेय त्या ओळी उचलू नका, असं मुख्य सर्व्हरला कळवणारी सोय) चालू होता, म्हणजे स्लॉटने जुन्या ट्रान्झॅक्शनचा (एका दमात होणाऱ्या कामांचा गट) आकडाही धरून ठेवला होता. त्या आकड्यानंतर मेलेल्या, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या, ओळी व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईला, उचलता येत नाहीत. पंधरा दिवस व्हॅक्यूम झाडू मारत होता आणि कचरा तिथल्या तिथे. स्लॉट टाकून दिला, चेकपॉइंट दिला (राहिलेले बदल डिस्कवर उतरवायला लावले), दहा मिनिटांत डिस्क मोकळी. आवृत्ती १२ मध्ये स्लॉटला मर्यादा घालता येत नाही. १३ पासून येते, पण मुळात ती अमर्याद असते. नव्या सर्व्हरवर ४० जीबी लिहून टाकली. एखादी प्रत मागे राहिली तर राहू दे, ती पुन्हा बांधता येते. मुख्य सर्व्हर थांबता कामा नये.

११ मार्च, मंगळवार

बिलाचा दिवस. साडेअकराला सगळ्या केंद्रांचे फोन: स्क्रीन फिरतेय.

चूक माझीच. बिलाच्या टेबलात एक रकाना वाढवायचा होता. क्षणाचं काम, म्हणून दिवस वर्ज्य असूनही भर दुपारी 'आल्टर टेबल' दिलं. त्याला पूर्ण टेबलाचं कुलूप लागतं. ते मिळेना म्हणून ते रांगेत थांबलं, आणि त्याच्यामागे आलेलं प्रत्येक साधं 'सिलेक्ट', म्हणजे नुसतं वाचणंसुद्धा, त्याच्यामागे थांबलं. पीजी-ब्लॉकिंग-पिड्स या फंक्शनने मूळ सापडलं: हिशेब विभागातलं एक कनेक्शन, अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, काम काहीच नाही), तीन तास दहा मिनिटं.

वर गेलो. हिशेब विभागातल्या अण्णांच्या टेबलावर बिलाची स्क्रीन उघडी, अण्णा जागेवर नाहीत. आमचं जुनं सॉफ्टवेअर स्क्रीन उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू करतं आणि स्क्रीन बंद होईपर्यंत धरून ठेवतं. अण्णा चहाहून आले.

"अण्णा, ही स्क्रीन बंद करत चला की."

"बंद कशाला करू? सारखी लागतीय मला ती. उघडायलाच दोन मिनिटं घेतीय, तुमचंच सॉफ्टवेअर."

त्यांचंही खरंच होतं. माणसाला शिस्त लावण्यापेक्षा सर्व्हरला लावणं सोपं. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे कधीच नाही. तो दहा मिनिटं केला. आणि यापुढे रचना बदलताना आधी त्या सेशनपुरता लॉक-टाइमआउट तीन सेकंद लावायचा. कुलूप मिळालं तर काम होईल, नाही तर आपण माघार घ्यायची आणि पुन्हा बघायचं. रांग अडवून उभं राहायचं नाही.

आठवड्यात दोनदा तेच दिसलं. डेटाबेस बोजाने दमलेला नाही. कुणीतरी काहीतरी उघडलं आणि लावून घेतलं नाही, त्याने तो अडला. आता त्याच नजरेने शोधतो आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ऑफिसला सुट्टी, म्हशींना नाही. सकाळचं संकलन नेहमीसारखं, मी घरून लॉग बघितला. एका सेकंदाच्या वर लागणाऱ्या क्वेऱ्या लॉगमध्ये लिहायला लावल्यापासून सकाळी बघायला काहीतरी असतं.

१८ मार्च, मंगळवार

गेल्या दिवाळीचं एक कोडं आज सुटलं. दूध-दर फरकाचं बिल निघायच्या दिवशीच सर्व्हर रेंगाळला होता. तेव्हा सगळ्यांनी नेटवर्कला शिव्या घातल्या.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा. गोल फिरणारं मीटर समजा. कुठल्याही क्षणी मागचे साधारण २१४ कोटी आकडेच 'जुने' म्हणून ओळखता येतात. म्हणून जुन्या ओळी वेळेत गोठवाव्या लागतात, ते काम व्हॅक्यूमचं. टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शनपलीकडे गेलं की ऑटोव्हॅक्यूम सक्तीने सुरू होतो. एरवी तो तसा नम्र आहे, कुणी कुलूप मागितलं की बाजूला होतो. सक्तीचा व्हॅक्यूम हटत नाही.

आमच्या संकलन टेबलात नोंदी फक्त वाढतात, क्वचितच बदलतात. आवृत्ती १२ पर्यंत ऑटोव्हॅक्यूम मेलेल्या ओळीच मोजायचा. ५० ओळी अधिक टेबलाच्या २० टक्के, हा मुळातला उंबरठा. २४ कोटींच्या टेबलात जवळपास चार कोटी ऐंशी लाख ओळी मेल्याशिवाय तो फिरकणारच नाही, आणि इथे तर मरत कुणीच नाही. त्यामुळे हे टेबल वर्षानुवर्षं अस्पर्श राहायचं आणि मग एके दिवशी मीटर भरलं की सगळं काम एकदम. तो दिवस फरक-बिलाचा निघाला. १३ पासून नुसत्या वाढीव ओळींवरही ऑटोव्हॅक्यूम जागा होतो. स्थलांतरासाठी मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

तोवर दर रविवारी दुपारी अकराला या टेबलावर हाताने 'व्हॅक्यूम फ्रीझ'. उत्पादकांच्या शिल्लक-खात्याचं टेबल याच्या उलट, तिथे प्रत्येक मापाला बदल होतो; त्याचा टक्का २० वरून २ वर आणला. तेही टेबलापुरतं, सगळ्या सर्व्हरला नाही.

'व्हॅक्यूम फुल' का नाही मारत, असं पोरानं विचारलं. कारण ते अख्खं टेबल नव्याने लिहितं आणि तोवर वाचायलासुद्धा कुणाला आत सोडत नाही.

२२ मार्च, शनिवार

स्थलांतर कसं करायचं यावर वाद. पोराचं म्हणणं, दोन्हीकडे लिनक्सच आहे, तर डेटा डिरेक्टरी आरसिंकने (फाइली जशाच्या तशा नकलणारं) उचलू, पीजी-अपग्रेड (जुन्याच फाइली नव्या आवृत्तीवर नेणारं) 'लिंक' पर्यायाने चालवू, दहा मिनिटांत मोकळे. पीजी-अपग्रेड चांगलंच हत्यार आहे, पण इथे खड्डा आहे.

मजकुराचा अकारविल्हे क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो. जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ मध्ये, हे क्रम मोठ्या प्रमाणावर बदलले. आमच्या सेंटओएसवर २.१७, डेबियन १२ वर २.३६. इंडेक्स म्हणजे त्या क्रमाने लावलेली यादी. यादी जुन्या क्रमाची आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा: ओळ समोर असून सापडत नाही, 'युनिक' इंडेक्स दुसरी तीच नोंद खुशाल आत घेतो, आणि चूक म्हणून काहीही दिसत नाही. बिल चुकल्यावर दिसतं. फाइली उचलल्या तर मजकुरावरचा प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधायलाच हवा. डंप-रिस्टोअरमध्ये इंडेक्स तिथेच नव्याने बांधले जातात, प्रश्नच येत नाही. लॉजिकल रेप्लिकेशनने (चालू सर्व्हरवरचे बदल ओळीओळीने नव्याकडे पाठवून) थांबा मिनिटांवर आणता आला असता, पण त्यात सिक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे जात नाहीत, आणि आमच्या अकरा टेबलांना प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, नाही. सहा तास हाताशी असताना हुशारी कशाला? डंप.

क्रमावरून आठवलं म्हणून नावं तपासली, तर वेगळंच घबाड. एका गावात 'गोऱ्हे' आडनावाचे एकच उत्पादक दोनदा. डोळ्याला दोन्ही नावं तंतोतंत सारखी, संगणकाला वेगळी. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, टाकून. केंद्रावरचा कळफलक एक करतो, जुन्या फाँटमधून बदलून आणलेला डेटा दुसरं. कऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे, सगळीकडे तेच.

पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइज हे फंक्शन आहे. त्याने 'र' अधिक सुटा नुक्ता ही जोडी एकसंध 'ऱ' होते. पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार युनिकोडच्या नियमांत समान धरलेला नाही, तो आपल्यालाच रिप्लेसने बदलावा लागतो. दोन्ही मिळून शोधनावाचा एक वेगळा रकाना ठेवतो, युनिक इंडेक्स त्यावर. मूळ नाव लिहिलंय तसंच राहील. लोकांच्या आडनावाला हात लावायचा नाही.

जाता जाता: 'ज्ञानेश्वर' हे नाव पोस्टग्रेसला १० अक्षरांचं वाटतं आणि डिस्कवर ३० बाइट घेतं. नावाचा रकाना २० अक्षरांचा करणाऱ्याने मराठी पूर्ण नाव कधी लिहून बघितलं नसावं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, म्हणून आज रंगीत तालीम. डंप ३८ मिनिटं, रिस्टोअर एक तास पन्नास, दोन्ही आठ समांतर कामं लावून.

रिस्टोअर एका फॉरेन कीवर (एका टेबलातली नोंद दुसऱ्यात असायलाच हवी, हा नियम) अडला: ११ मापं अशा उत्पादकांची, जे उत्पादकांच्या टेबलात नाहीतच. कुणीतरी कधीतरी मोठी आयात करताना ट्रिगर (नोंद झाली की आपोआप चालणारे प्रोग्राम) बंद केले होते. फॉरेन कीची तपासणीही ट्रिगरच करतात. नंतर चालू केले, पण मधल्या वेळात आत आलं ते आलं. पुन्हा तेच, उघडं दार. ११ जणांची यादी अण्णांना दिली. त्यांनी तासाभरात जुनी कागदी रजिस्टरं काढून नऊ ओळखले. उरलेले दोन अनामत खात्यात.

नव्या मशीनला ६४ जीबी मेमरी. शेअर्ड बफर्स (सगळ्यांची सामाईक मेमरी) १६ जीबी. वर्क-मेम (कामापुरती मेमरी) १६ एमबीच ठेवली; ती क्वेरीला नव्हे, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगवेगळी मिळते. शंभर कनेक्शनांनी एकदम बिल काढलं तर मोठा आकडा मेमरी खाऊन टाकेल आणि लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस मारेल. ती पोस्टग्रेसच असते. एसएसडी आहे, म्हणून रँडम-पेज-कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे वाचण्याची धरलेली किंमत) ४ वरून १.१. चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला तर ओळखू देणारे) क्लस्टर बनवतानाच चालू केले.

पासवर्ड स्क्रॅमवर, म्हणजे पडताळणीच्या नव्या पद्धतीवर, नेताना दोन केंद्रं बाहेर पडली. त्यांचा ड्रायव्हर इतका जुना की त्याला स्क्रॅम माहीतच नाही. नवा ड्रायव्हर टाकायला पोरगा मोटारसायकलवर गेला. जुन्या एमडी५ पद्धतीचे पासवर्ड तसेच्या तसे चालत नाहीत, सगळे नव्याने द्यावे लागले.

१३ एप्रिल, रविवार

१०.०५ सॉफ्टवेअर बंद. जुन्या सर्व्हरच्या एचबीए फाईलमध्ये (कुणाला आत सोडायचं त्याची यादी) माझ्याशिवाय सगळ्यांना नकार, आणि मूळ डेटाबेस फक्त वाचनापुरता.
१०.१० डंप सुरू. १०.५० रिस्टोअर.
१२.४४ झाला. अ‍ॅनालाइज चालवलं. रिस्टोअरसोबत आकडेवारी येत नाही; ती नसली की प्लॅनर, म्हणजे क्वेरीची वाट ठरवणारा, आंधळा, आणि दोष नव्या मशीनला लागतो.
१.०५ पडताळणी. नुसत्या ओळी मोजल्या नाहीत. १ ते १० एप्रिलच्या बिलातले लिटर आणि रुपये दोन्हीकडे काढले. पैशापर्यंत जुळले. अण्णा स्वतः खाली आले होते, आकडे त्यांनी पेन्सिलने मांडून घेतले.
१.४० सर्व्हरचं नाव नव्या पत्त्यावर. चहा.
५.१२ पहिलं माप आलं.
५.२० एका शीतकरण केंद्राचा फोन: नोंद होत नाही. तिथे सर्व्हरच्या नावाऐवजी जुना आयपी पत्ताच ठोकून लिहिलेला. जुना सर्व्हर बंद केला नसता तर त्यांची संध्याकाळ गुपचूप तिकडे जमा झाली असती. नाव टाकलं, पुन्हा माप घेतलं, सुरळीत.

१६ एप्रिल, बुधवार

पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन बसवलं. रविवारी पूर्ण, रोज रात्री फरकाचा, आणि वॉल फाइली सतत, दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर, एन्क्रिप्ट करून. आता कुणी 'व्हेअर' (कुठल्या ओळी ते) विसरून 'अपडेट' मारलं तर त्याच्या मिनिटभर आधीच्या स्थितीपर्यंत जाता येईल. रिस्टोअरच्या पायऱ्या दोन पानांवर लिहून भिंतीला लावल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

काल बिल पावणेदोन तासांत. पूर्वी चार लागायचे. अण्णांनी कौतुक केलं नाही, पण तक्रारही केली नाही.

आज रिस्टोअरचा सराव, मी सोडून. नवीन आलेल्या मुलीला भिंतीवरची दोन पानं दिली, कोरं मशीन दिलं आणि सांगितलं की समज, सर्व्हरची खोली जळाली आहे आणि मी गावाला आहे. बाहेर बाकावर जाऊन बसलो. वीस मिनिटांत ती दारात.

"सर, पासफ्रेज मागतंय. पानावर नाहीये."

"सर्व्हरच्या कॉन्फिग फाईलमध्ये आहे की."

"पण सर्व्हर जळालाय ना?"

किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार ओढून घेतलं होतं मीच. पासफ्रेज कागदावर लिहिली, पाकीट लाखेने बंद केलं आणि वर अण्णांकडे गेलो, तिजोरीत ठेवा म्हणून. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, चष्मा लावला, आवक रजिस्टर ओढलं.

"काय म्हणून लिहू?"

"किल्ली लिहा."

"कशाची?"

"सगळ्याची."

त्यांनी 'संगणक किल्ली, नग १' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. खाली आलो तेव्हा रिस्टोअर ४० टक्क्यांवर होतं.